आधी मुक्काम, मग पावती

आमच्या संस्थेला देणगी देणं फार अवघड होतं. चेक खिशात घेऊन आलेली माणसं तो तसाच घेऊन परत गेलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावत जाऊन माफी मागायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. या सगळ्याला एकच माणूस कारण होता, आमचे खजिनदार.

संस्था तशी छोटी. बरकतपुऱ्यात एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतलेला. दोन हॉल, एक बायकांचा आणि एक पुरुषांचा, मिळून अकरा लोखंडी खाटा, एक स्वयंपाकघर आणि एक बाथरूम. नांदेड, लातूर, परभणीकडची माणसं इलाजासाठी हैदराबादला येतात. पेशंटला दवाखान्यात खाट मिळते, पण बरोबर आलेली बायको, भाऊ, म्हातारी आई बाहेर फुटपाथवर चादर टाकते. त्यांच्यासाठी ही जागा. रात्रीचे नावापुरते पैसे, सकाळी चहा, आणि संध्याकाळी कुकटपल्लीच्या मराठी घरांतून पाळीपाळीनं येणारे पोळीभाजीचे डबे. भाडं, वीज, चहा आणि चादरींची धुलाई देणग्यांवर चालायची.

देणगीचा नियम खजिनदारांनी केला होता. आधी मुक्काम, मग पावती. ज्याला पैसे द्यायचे असतील त्यानं आधी इथल्या खाटेवर एक रात्र काढायची. सकाळी चहा झाला की पावती फाडायची. त्याआधी कुणी टेबलावर नोटा ठेवल्या तर ते टेबलावरचं पेपरवेट बाजूला घ्यायचे आणि म्हणायचे, "उचला. वाऱ्यानं उडतील."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मला पुण्याला जाता आलं नव्हतं. त्याचं मनाला लागलं होतं, म्हणून शनिवारी एक चेक टाकून यावा असा विचार केला. टेबलामागे एक ठेंगणे गृहस्थ ताठ बसले होते. शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली. खिशात दोन पेनं. एक लिहायचं, आणि एक दुसऱ्यानं मागितलं तर द्यायचं. दुसरं उमटायचं नाही. "चांगलं पेन लोक घेऊन जातात," ते नंतर मला म्हणाले. "हे नेलं तर परत आणून देतात, वर चार शब्द सुनावून जातात. पेन राहतं."

माझ्या चेककडे त्यांनी पाहिलंही नाही.

"घोरताव का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "कळलं नाही."

"झोपेत. घोरत असाल तर अकरा नंबरची खाट, जिन्याजवळची. नसाल तर सात नंबर रिकामा आहे."

एखाद्यानं सांगितलं असतं की मी फक्त चेक द्यायला आलोय. पण मी तसा माणूस नाही. लिफ्टमध्ये वजन जास्त झाल्याची घंटी वाजली की मी बाहेर पडतो, मग मी सगळ्यात आधी चढलेलो असलो तरी. रस्त्यात कुणी मागून हॉर्न वाजवला तर तो माझ्यासाठीच आहे असं मला वाटतं. मी घरी बायकोला फोन केला, "आज बरकतपुऱ्यात झोपतोय," म्हणालो, आणि त्यावर तिनं जे विचारलं त्याचीही माफी मागितली.

सकाळी पावती मिळाली. त्यांच्या पावतीवर खाली 'शेरा' असा एक मोठा चौकोन छापलेला असायचा, आणि तो ते रिकामा सोडत नसत. माझ्या पावतीवर लिहिलं होतं: 'खाट सात. उशी दुसऱ्याला दिली. बाथरूमच्या रांगेत तिघांना पुढं सोडलं.' मी वाचत असताना ते म्हणाले, "आमच्याकडं सेक्रेटरीची जागा खाली आहे."

"मला तसा अनुभव नाही."

"रांगेत तिघांना पुढं सोडणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. मला तसाच माणूस पाहिजे."

मी सेक्रेटरी झालो तो असा.

ते रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे नांदेडकडचे, घर नारायणगुड्यात, बरकतपुऱ्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. रोज सकाळी येताना जिन्याच्या पहिल्या पायरीवरून 'जय भीम' म्हणायचे, म्हणजे वर कुणी अघळपघळ बसलं असेल तर सावरून बसेल. पहिल्या दिवशी मी उत्तर म्हणून 'नमस्कार' म्हणालो. मग घरी जाऊन मला वाटायला लागलं की आपण चुकलो, त्यांना वाईट वाटलं असेल. दुसऱ्या वेळी त्यांच्या आधी मीच 'जय भीम' म्हणालो, आणि ते इतक्या जोरात म्हणालो की समोरच्या चहावाल्यानं किटली खाली ठेवली. ते जवळ आले आणि म्हणाले, "हल्लू म्हणा. मला ऐकू येतं." तेव्हापासून आमचं बरं जमलं.

नियम का केला, असं विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. कधी म्हणायचे, "कापड घेताना हात लावून बघताव का नाही?" कधी म्हणायचे, "इथं झोपून गेलेल्या माणसाचे पैसे मला ओळखू येतात." एकदा मात्र त्यांनी वर बोट दाखवलं. नियम होण्याच्या आधी एका व्यापाऱ्यानं खाटेला एक याप्रमाणे पंखे दिले होते. प्रत्येक पात्यावर त्याच्या वडिलांचं नाव रंगवलेलं. पंखा फिरत असला की नाव दिसत नाही. वीज गेली की सगळे उठून बसतात आणि घामानं निथळत ते नाव वाचतात. "बापाचं नाव लोकांनी वैतागल्यावरच वाचावं, अशी सोय केली लेकरानं," खजिनदार म्हणाले. "एक रात्र झोपला असता तर मच्छरदाण्या दिल्या असत्या."

त्यांना 'किरकोळ' या शब्दाचा राग होता. सगळ्या जगाच्या हिशेबात 'किरकोळ खर्च' असा एक रकाना असतो. आमच्यात नव्हता. "किरकोळ म्हणजे काय? ज्याला ते मिळालं त्याला विचारा किरकोळ होतं का." त्यामुळे आमचा वार्षिक हिशेब हा एक वाचायचा प्रकार होता. 'माळ्यावरून मांजर काढणाऱ्यास चहा.' 'भोकरच्या पाहुण्यांची चप्पल चोरीस गेली, नवी.' 'त्यांचीच जुनी सापडली, नव्या चपलेचे पैसे परत घेतले नाहीत.' आमचे ऑडिटर दर वर्षी म्हणायचे की हे सगळं एका ओळीत येईल. दर वर्षी खजिनदार त्यांना एक रात्र राहायला बोलवायचे. ते यायचे नाहीत, आणि ओळी कमी व्हायच्या नाहीत.

शिल्लक त्यांना बघवत नसे. पैसे उरले तर कुणाची तरी चादर घ्यायची राहिली, असं त्यांचं गणित होतं. मार्च उजाडला की ते चादरी, बादल्या, म्हाताऱ्यांसाठी काठ्या घेत सुटायचे.

एका गोष्टीवर मात्र त्यांनी कधी पैसा घातला नाही. बाथरूमची कडी. ती लागायची नाही. आत गेलं की बादली भरून दाराला लावायची आणि आपण आत आहोत हे बाहेरच्यांना कळावं म्हणून तोंडानं काहीतरी चालू ठेवायचं. गाणाऱ्यांची सोय व्हायची. कुणी अभंग म्हणायचं, कुणी भीमगीत, एक हेडमास्तर सतरापासून पुढचे पाढे म्हणायचे. मला आयत्या वेळी काहीच आठवलं नाही, म्हणून मी अंघोळभर "आहे हं, सॉरी, आहे," असं म्हणत होतो. मुक्काम केलेल्या प्रत्येक देणगीदारानं सकाळी हेच सांगितलं, की कडीचे पैसे आम्ही वेगळे देतो.

"कडीला काय झालंय?" खजिनदार म्हणायचे. "बादली लावा की. दार आहे, पाणी आहे. कडी म्हणजे चैन."

मी दर बैठकीत कडीचा विषय काढायचो आणि तो मागे घ्यायचो.

हे असंच चाललं असतं. पण एके दिवशी घरमालक वर आले. ते खालीच राहायचे, खजिनदारांच्याच वयाचे. खुर्चीच्या कडेवर बसले आणि माझ्याकडे पाहून बोलू लागले, कारण खजिनदारांकडे पाहून त्यांना बोलवत नव्हतं.

"देखो साब, मेरेकू तो आप लोगां अच्छे लगते. पन बच्चे बोलरे, बिल्डर कू देव. मैं बोला, ठैरो. तुम ऐसा करो, एक बड़ा डिपॉझिट डाल देव, मैं दस साल का कागद बना देतूं. बच्चे बी चुप, बिल्डर बी चुप."

त्यांनी आकडा सांगितला. दिवाळीपर्यंतची मुदत दिली. आमच्या खात्यात तेव्हा होते ते पैसे त्या आकड्याशेजारी मांडायची लाज वाटावी इतके थोडे, कारण मार्च नुकताच होऊन गेला होता. खजिनदार एवढंच म्हणाले, "दिवाळी. बरं." मग उठून हॉलमध्ये गेले आणि एकेका खाटेची चादर हातानं सारखी करत फिरले. त्या दिवशी अकराच्या अकरा खाटा भरलेल्या होत्या.

पैसे मी शोधले, हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचा गोंधळ त्यातूनच झाला. ऑफिसमधल्या ओळखीतून एक मोठी कंपनी मिळाली. समाजकार्यासाठी त्यांना दर वर्षी पैसे खर्च करावे लागत, आणि आदल्या वर्षीचे उरले होते. सगळं डिपॉझिट एका चेकनं द्यायला ते तयार होते. मी आनंदानं कुकटपल्लीला कार्याध्यक्षांच्या सोसायटीत बैठक बोलावली. कार्याध्यक्ष मूळचे पुण्याचेच, आयटीतले, प्रत्येक गोष्ट पडद्यावर दाखवणारे. त्यांनी पडद्यावर डिपॉझिटच्या आकड्यापर्यंत जाणारा एक हिरवा बाण दाखवला.

"मुक्काम कधी आहे?" खजिनदारांनी विचारलं.

"साहेब, एवढ्या एका वेळेला नियम बाजूला ठेवू या," कार्याध्यक्ष म्हणाले. "जागाच गेली तर मुक्काम कुठे करणार लोक?"

"एकदा बाजूला ठेवलेली वस्तू मला पुन्हा सापडत नाही."

"तुम्ही जरा व्यवहार बघा."

"जन्मभर रेल्वेचा व्यवहारच बघितलाय."

कार्याध्यक्षांनी पडदा बंद केला. "मग एक विचारतो. राग मानू नका. तुमच्या स्वतःच्या पावतीवर खाट कितवी आहे?"

खजिनदारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझी पावती नाही."

"म्हणजे इतक्या वर्षांत तुम्ही संस्थेला एक रुपया दिला नाही?"

"मुक्काम झाला नाही. मग देणार कसा?"

"नारायणगुड्यात राहता तुम्ही. चालत येण्यासारखं आहे."

कुणीतरी म्हणालं, "म्हणजे नियम फक्त आपल्यासाठी." मी गप्प राहिलो. गप्प राहिल्याचं मला वाईट वाटलं. मलाही तोच प्रश्न पडला होता याचं त्याहून वाईट वाटलं. शेवटी तडजोड म्हणून मी कंपनीला फोन केला, आणि त्यांच्या समाजकार्य विभागाच्या मॅडम एक रात्र यायला कबूल झाल्या. फोटो चांगले येतील, असं त्या म्हणाल्या.

मॅडम मुंबईच्या, तिशीतल्या. शुक्रवारी संध्याकाळी चाकांची मोठी बॅग आणि स्वतःची उशी घेऊन आल्या. त्यांना तीन नंबरची खाट मिळाली. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडून घरी गेलो.

शनिवारी सकाळी पोहोचलो तेव्हा बाथरूमच्या आतून त्यांचा आवाज येत होता. आत आहे हे कळवण्यासाठी त्यांनी वरिष्ठांना फोन लावला होता आणि सगळी रांग तो अदबीनं ऐकत होती. "हो सर, जागा छान आहे सर. नाही सर, पाण्याचा आवाज आहे." थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या आणि मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. त्यांच्या मुठीत दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा होत्या.

"हे मी परत कसं देऊ?" त्यांनी विचारलं.

झालं होतं ते असं. शेजारच्या खाटेवर मुखेडच्या एक आजी होत्या. त्यांच्या म्हाताऱ्याचा इलाज बरेच दिवस चालला होता, त्यामुळे हॉलचा कारभार त्यांच्याकडे आला होता. उशी छातीशी धरून बसलेल्या या मुलीला त्यांनी विचारलं, "तुझं कोण हाय गं माय दवाखान्यात?" मी पाहणी करायला आलेय, असं तिथं सांगणं मॅडमना बरं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "वडील." आजींनी विचारलं, "काय झालंय?" मॅडम घाबरून म्हणाल्या, "गुडघा."

मग सगळा हॉल गुडघ्याच्या मागे लागला. एका बाईनं चांगला डॉक्टर कोणता ते सांगितलं, दुसरीनं तो कसा चांगला नाही ते सांगितलं. आजींनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी बळंच खायला लावली. आणि सकाळी, इथं राहणाऱ्यांची जी रीत आहे तिच्याप्रमाणे, जुन्या माणसांनी नव्या माणसाच्या हातावर चहापाण्याला म्हणून जमेल ते ठेवलं. एकटी आलेली पोर म्हणून हिच्या हातावर जरा जास्तच पडलं. संस्थेला लाखांचा चेक द्यायला आलेल्या बाईला संस्थेच्या पाहुण्यांनी वर्गणी काढून दिली होती.

आम्ही दोघं खजिनदारांसमोर जाऊन उभे राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"परत घेत नसतात ते," ते म्हणाले. "आणि आता सांगायला गेलात तर तुमच्या वडलांचा गुडघा बरा झाला म्हणून पेढे मागतील."

"मग काय करू?"

"इथं ठेवा. देणाऱ्यांचा मुक्काम झालेलाच आहे." त्यांनी आजींचं नाव लिहून पावती फाडली, इतर सगळ्यांच्या वतीनं. मग मॅडमनी आणलेली कंपनीच्या चेकची झेरॉक्स त्यांनी हातात घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ खालचा कोपरा पाहिला.

"ही सही कुणाची?"

"आमच्या डायरेक्टर साहेबांची."

"तुमची नाही?"

"नाही."

"मग मुक्काम त्यांचा पाहिजे."

"साहेब," मी म्हणालो, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, मॅडमच मालक आहेत. केवढी बॅग आणली त्यांनी."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. त्यात डाव नव्हता, म्हणूनच मला रागावता येईना. आठवड्यानं कंपनीचं उत्तर आलं. डायरेक्टर साहेब येऊ शकत नाहीत, पण ते व्हिडिओ कॉलवरून उपस्थित राहतील. खजिनदारांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "व्हिडिओत डास चावत नाहीत," ते म्हणाले. चेक गेला. मॅडम मात्र पुढच्या रविवारी परत आल्या, स्वतःच्या पगारातले थोडे पैसे घेऊन. त्यांची पावती लगेच फाटली. शेरा होता: 'खाट तीन. खोटं बोलल्या. मन चांगलं आहे.'

त्यानंतर कुकटपल्लीत माझ्याशी कुणी नीट बोलत नव्हतं. पण कार्याध्यक्षांमध्ये एक गोष्ट आहे. त्यांना हरायला आवडत नाही. त्यांनी ओळखीच्या लोकांना गाठलं. जे पूर्वी राहून गेले होते त्यांनी पुन्हा पैसे दिले, जे राहिले नव्हते ते घासाघीस करत एकेक रात्र राहून गेले. तरीही मोठी रक्कम कमी पडत होती. दिवाळी तोंडावर आली. जागा सोडायची तर आतल्या माणसांना आधी सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. मी दोन दिवस हॉलच्या दारापर्यंत जाऊन चहाची चौकशी करून परत येत होतो. तिसऱ्या दिवशी मी नारायणगुड्याला खजिनदारांच्या घरी गेलो. आता तरी नियम सैल करा, कंपनीकडे मी पुन्हा जातो, असं हात जोडून सांगायचं ठरवलं होतं.

ते आत दाढी करत होते. त्यांच्या पत्नीनं मला बसवलं. मी इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारून टाकलं, "वहिनी, साहेब इतकी वर्षं तिथे एकदाही का राहिले नाहीत?"

त्या हसायला लागल्या. "तुम्हाला माहीत नाही? अहो, हे घोरतात."

"घोरतात तर बरेच जण."

"तसं नाही. मी डाव्या कानानं बहिरी आहे. उजव्या कुशीवर निजते, चांगला कान उशीत. म्हणून संसार झाला. लेक माहेरपणाला आली की समोरच्यांकडं झोपायला जाते. एकदा गाडीत दुसऱ्या डब्यातला टीसी चौकशीला आला होता."

खजिनदार टॉवेल खांद्यावर घेऊन बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं. खुर्चीत बसले, जमिनीकडे पाहिलं.

"दिवसभर दवाखान्यात उभी राहिलेली माणसं असतात," ते म्हणाले. "त्यांची झोप मोडून देणगी द्यायची, ती देणगी कसली?"

"मग तुमच्यापुरता नियम..." मी म्हणालो, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य गिळलं.

ते उठले, कपाटातून एक पाकीट काढलं. लेकीच्या लग्नानंतर उरलेली मुदत ठेव त्यांनी आदल्या दिवशी मोडली होती. वहिनी म्हणाल्या, "माझी पण सही आहे त्याच्यावर. मी पण एक रात्र येते पुढच्या आठवड्यात, माझ्या हिश्शाची पावती तेव्हा फाडा. मला कुणाचा आवाज येत नाही, मी कुठंही झोपेन."

"सेक्रेटरीसाहेब," खजिनदार म्हणाले, "आज अकरा नंबर रिकामा आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरकतपुऱ्याला पोहोचलो तर संस्थेचे सगळे पाहुणे खाली रस्त्यावर होते. काही पायऱ्यांवर, काही चहावाल्याच्या बाकावर. सगळ्यांचे डोळे लाल. घरमालकही लुंगीवर त्यांच्यातच बसले होते. मला पाहून म्हणाले, "साब, मैं समझा बिल्डर का मशीन आगया."

मुखेडच्या आजी पायरीला टेकून बसल्या होत्या. "म्हाताऱ्याचं आप्रेशन झालं ना," त्या म्हणाल्या, "त्या राती बी मी एवढी जागली नव्हती."

"तुम्ही त्यांना उठवलं का नाही?" मी विचारलं.

"कशाला उठवायचं? माणूस आमच्यासाठी निजला होता."

मी वर गेलो. खजिनदार अंघोळ करून, वरची गुंडी लावून टेबलापाशी बसले होते, पण नेहमीच्या बाजूला नव्हे, समोरच्या, देणगीदाराच्या खुर्चीत. त्यांनी पाकीट पुढं केलं. मी त्यांच्या खुर्चीत बसलो. ते मला मुळीच बरं वाटलं नाही. पावतीपुस्तक उघडलं आणि पेन मागितलं. त्यांनी खिशातलं दुसरं पेन दिलं. ते उमटेना. मी वर पाहिलं, तसं निमूटपणे त्यांनी पहिलं काढून दिलं.

शेऱ्याच्या चौकोनात मी लिहिलं: 'खाट अकरा. घोरले.' इतक्या माणसांच्या झोपेचं खरं कसं लिहावं, ते मला सुचेना. पावती त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी वाचली, पेन परत घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: 'कोणीही झोपले नाही. कोणीही उठवले नाही.' मग घडी घालून ती खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून तसेच बसून राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. वाटलं, आता ते मनातलं काही सांगतील.

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "त्या बाथरूमच्या कडीचं काय ते?"

"कडीचं?"

"लागत नाही ती. बादली धरावी का साबण? वरून तोंडानं म्हणत राहायचं. मला गाणी येत नाहीत, मी रेल्वेची स्टेशनं म्हटली. नांदेडपासून परभणीपर्यंत आलो आणि बादली सरकली. तुम्ही लोक इतकी वर्षं चालवून कसं घेताव? आजच्या आज माणूस बोलवा."

मी नेहमीप्रमाणे सॉरी म्हणालो. दुपारी सुतार आला आणि चहा थंड व्हायच्या आत कडी बसवून गेला. कागद झाला, डिपॉझिट भरलं, जागा राहिली. आता खजिनदार नांदेडला लेकीकडे असतात. रविवारी फोन करतात आणि आधी किती खाटा भरल्यात ते विचारतात. लेकीनं घर बांधताना त्यांची खोली गच्चीवर काढली आहे, असं कळलं.

त्या मार्चचा हिशेब मात्र त्यांनीच केला. मी बाजूला बसून बेरजा तपासत होतो, आणि कडीच्या खर्चापाशी त्यांचं पेन थांबलं. ऑडिटर म्हणाले, "आता हे तरी किरकोळमध्ये घाला." खजिनदारांनी ऐकून घेतलं आणि सावकाश पूर्ण ओळ लिहिली: 'बाथरूमची कडी, नग एक. खजिनदार झोपून उठल्यावर.'